औरंगपुऱ्यातलं एक कपाट आणि युद्धकाळातल्या ख्रिस्ती प्रेमकथा

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मागच्या कपाटात इंग्रजी ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या आहेत, बहुतेक दुसऱ्या महायुद्धातल्या. घेण्याआधी शेवटची पानं उघडा. लेखकाचं ऐतिहासिक टिपण असेल तर अभ्यास करून लिहिलेलं असण्याची शक्यता जास्त. मग तारखा ताडून बघा. लंडनवरचा सलग बॉम्बवर्षाव ७ सप्टेंबर १९४० ला सुरू झाला, ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग जून १९४१ मध्ये. १९४० च्या लष्करी इस्पितळात नर्स सर्रास पेनिसिलिन टोचत असेल तर पुस्तक खाली ठेवा. सैन्याला ते मुबलक मिळू लागलं १९४४ च्या सुमारास. नायक आघाडीवरून पत्रात तुकडीचा ठावठिकाणा लिहितो आणि सेन्सॉरची कात्री चालत नाही, हीही नेहमीची चूक. या प्रकारच्या कादंबऱ्यांत प्रणय चुंबनापाशी थांबतो, ते ठीकच. पण श्रद्धेचा पेच खरा हवा. नाहीतर प्रार्थना संपते न संपते तोच तार येते, नायक जिवंत!

या कपाटात मालिकेचा पहिला भाग गायब आणि दुसरा हमखास हजर. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बांधणीचा गोंद तडकतो, म्हणून पुस्तक मधोमध उघडून पाहा. मांडणी लेखकवार नाही, पण मालकांना विचारलं की काढून देतात.