नवी मेल: फॉरवर्ड करावी की वेगळं अकाउंट टाकावं?

विद्यापीठाने मेल बदलली आणि कॉलेज रोडच्या कट्ट्यावर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते, नव्या पत्त्यावरचं सगळं आपल्या जीमेलवर फॉरवर्ड करा, एकच इनबॉक्स बघा. दुसरी म्हणते, फोनमध्ये वेगळं अकाउंटच टाका.

फॉरवर्डमध्ये सुख आहे, नाकारत नाही. एकदा सेटिंग केलं की विसरून जायचं. पण खरी गोम उत्तर देताना कळते, कारण ते जातं खासगी पत्त्यावरून. मी गाईडना तसंच पाठवलं, तर सरांनी विचारलं, "हा कूलबॉय कोण?" (नववीत काढलेला पत्ता, काय करणार!) शिवाय फॉरवर्ड केलेली मेल मूळ सर्व्हरऐवजी मधल्या सर्व्हरवरून येते. त्यामुळे ती एसपीएफ तपासणीत (मेल पाठवणाऱ्याने परवानगी दिलेल्या सर्व्हरवरूनच आली का, हे बघणं) नापास होऊन स्पॅममध्ये पडू शकते. परीक्षा फॉर्मची सूचना मला तिथेच सापडली, मुदतीच्या आदल्या रात्री. जीमेलची मोफत 15 जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंतही वाटली जाते. माझी तर त्र्यंबकच्या पावसाळी व्हिडिओंनीच भरली होती.

वेगळ्या अकाउंटला दोन पासवर्ड लागतात, एवढाच जाच. हे अकाउंट आयमॅप या पद्धतीने जोडलं की मेल सर्व्हरवरच राहते, म्हणून फोनवर वाचलेली लॅबमध्येही वाचलेलीच दिसते.

मी आता दुसऱ्या पार्टीत आहे. फक्त पदवीनंतर हे अकाउंट बंद होऊ शकतं, म्हणून नोकरीच्या अर्जांवर खासगी पत्ताच देतो. कूलबॉय नव्हे, नवा काढलाय.