इंडिव्हिज्युअल हेल्थ पॉलिसी: एक क्लेम आणि एक रिन्यूअल झाल्यावरचा अनुभव

सम इन्शुअर्ड (कंपनी वर्षात जास्तीत जास्त देईल ती रक्कम) १० लाखांचं घ्यावं की १५ लाखांचं यावर आपण जेवढा वेळ घालवतो त्याच्या निम्मा जरी रूम रेंटच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या खोलीच्या भाड्याच्या, कलमावर घातला ना तरी पुष्कळ त्रास वाचेल, हे मी आता क्लेम करून झाल्यावर ठामपणे सांगते. माझी पॉलिसी ऑक्टोबर २०२४ ला घेतली, मध्ये डेंग्यू होऊन ॲडमिट झाले, मग रिन्यू पण केली. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण एकाच कंपनीच्या दोन प्लॅनमध्ये अटी इतक्या वेगळ्या असतात की नावावरून काहीच कळत नाही.

आधी हे की फ्लोटर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच रक्कम असलेली पॉलिसी, का नाही घेतला. नोकरी सोडून घरून काम सुरू केलं तशी ऑफिसची ग्रुप पॉलिसी गेली, आणि एजंट काका म्हणाले दोघांचा मिळून फ्लोटर घ्या, स्वस्त पडेल. पण फ्लोटरचा प्रीमियम साधारण घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, नवरा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, त्याला बीपी, आणि वर एकाने रक्कम वापरली की दुसऱ्याला उरलेलीच. दोन वेगळ्या घेतल्या तर वर्षाला थोडे जास्त जातात हे खरं, पण माझा क्लेम होऊनही त्याच्या पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारा फायदा) वाढला, माझ्यावरचा तेवढा थांबला. आमच्यासारखं वयात अंतर आणि एकाला आधीचा आजार असेल तर वेगळ्याच घ्या असं मी म्हणेन. दोघंही तिशीत आणि धडधाकट असाल तर फ्लोटर चालेल की.

नवऱ्याच्या फॉर्मवर बीपी आणि चालू गोळी दोन्ही लिहिलं. "गोळीने कंट्रोलमध्ये आहे ना मग कशाला लिहिता" असं सांगणारे खूप भेटतात, अजिबात ऐकू नका. लोडिंग लागलं, म्हणजे आजारामुळे प्रीमियम वाढला, ठीक आहे. आधीच्या आजाराचा वेटिंग पीरियड (तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिनेच ठेवता येतो, पूर्वी ४८ होता. आणि सलग ६० महिने पॉलिसी चालली की लपवाछपवीचं कारण देऊन कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण त्या पाच वर्षांच्या आत काही झालं तर न लिहिलेली एक गोळी सगळा क्लेम घालवू शकते, मग भरलेल्या प्रीमियमचा उपयोग काय.

आता रूम रेंट. माझ्या दिरांची जुनी पॉलिसी ५ लाखांची, रूमची मर्यादा १%, म्हणजे दिवसाला ५ हजार. सर्जरीच्या वेळी ८ हजारांची रूम मिळाली, तेव्हा घरच्यांना वाटलं वरचे ३ हजार आपण भरू, झालं. तसं नसतं! डॉक्टरांची फी, ओटी, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापतात, १ लाख २० हजारांवर ३७.५% म्हणजे ४५ हजार खिशातून, रूमचा फरक वेगळा. त्यात कंपनीने औषधांवर पण तीच कात्री लावली होती. औषधं, इम्प्लांट, कन्झ्युमेबल, तपासण्या यांना हे प्रमाण लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चाला पण नाही, हे आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या नियमात आहे, तसा मेल केल्यावर औषधांचे कापलेले परत मिळाले. म्हणून मी घेताना ब्रोशर बाजूला ठेवून पूर्ण पॉलिसी वर्डिंग मागवलं आणि जिथे "सिंगल प्रायव्हेट एसी रूम" असं लिहिलंय, रुपयांची मर्यादा नाही, को-पे (बिलाचा ठरावीक हिस्सा आपण भरायचा) नाही, तीच घेतली. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस फ्री लुक असतो, तेवढ्यात निवांत वाचून काढा, नाही पटली तर परत करता येते.

माझ्या डेंग्यूच्या वेळी कॅशलेस (बिल कंपनी थेट हॉस्पिटलला देते) पटकन मंजूर झालं. नियमाने पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायला हवी, पण हे तीन तास मोजतात ते हॉस्पिटलने फायनल बिल पाठवल्यापासून. आमचं सकाळी राउंडला डॉक्टरांनी "जा घरी" सांगितलं आणि बिलिंगकडून टीपीए डेस्कला (हॉस्पिटलमधलं विम्याचे क्लेम बघणारं काउंटर) फाइल गेली दुपारी, म्हणजे उशीर हॉस्पिटलमध्येच झाला. तर आदल्या संध्याकाळीच टीपीए डेस्कवाल्यांना सांगून ठेवा की उद्या डिस्चार्ज आहे, समरी तयार ठेवा. ग्लोव्हज, मास्क, असल्या नॉन-पेएबल (कंपनी एरवी ज्यांचे पैसे देत नाही अशा) वस्तूंचं बिल भरावं लागलं नाही कारण कन्झ्युमेबलचं ॲड-ऑन होतं, थोडेसेच जास्त पैसे आहेत त्याचे, घ्याच.

न आवडलेलं म्हणजे ॲडमिट व्हायच्या आधीच्या रक्ततपासण्यांचं रिइम्बर्समेंट, म्हणजे आपण भरलेले पैसे परत मिळवणं. बिलं दिली, तर क्वेरी आली की डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन कुठंय, ते दिलं तर अजून एक क्वेरी, प्रत्येक वेळी वेगळा माणूस फोनवर. शेवटी मिळाले पण फार ताणलं. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपालकडे जाता येतं, आम्हा नाशिककरांना पुण्याचं ऑफिस, फी नाही आणि वकीलही लागत नाही. मला तिथवर जावं लागलं नाही.

रिन्यूअलला मूळ प्रीमियम वाढून आला, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८% जीएसटी गेल्यामुळे हातून गेलेली रक्कम जवळपास तेवढीच राहिली. पुढच्या वेळी प्रीमियम वाढला तर जीएसटी गेल्याने मिळालेला हा आधार नव्याने मिळणार नाही. अजून वाढला तर पोर्ट करणार, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेणार, त्यासाठी रिन्यूअलच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज द्यायचा असतो, झालेला वेटिंग पीरियड सोबत येतो पण आधीच्या रकमेपुरताच, वाढवलेल्या रकमेला नव्याने थांबावं लागतं. त्यामुळे ऑगस्टमध्येच दोन-तीन कंपन्यांची वर्डिंग मागवून ठेवणार आहे. कोणी नाशिकमध्ये पोर्ट केली असेल तर नवीन कंपनीने परत मेडिकल टेस्ट मागितल्या का ते नक्की सांगा.