टँकरचा हिशेब: तारांकित प्रश्न की अतारांकित?

टँकरवरच्या खर्चाचा जाब विचारायला मराठवाड्यातल्या आमदाराकडे विधानसभेत दोन वाटा आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्री प्रश्नोत्तराच्या तासात तोंडी उत्तर देतात. त्याचं खरं बळ उपप्रश्नांत. कागदावर फेऱ्या किती, गावात पोचल्या किती, हे तिथल्या तिथे विचारता येतं. प्रश्न आष्टीच्या आमदाराचा असला तरी औशाचा आमदारही अध्यक्षांच्या परवानगीने उभा राहू शकतो. पण तास संपला की उरलेल्या प्रश्नांवर तोंडी चर्चा होत नाही.

अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. तरी तालुकावार फेऱ्या, देयकं, ठेकेदारांची नावं हवी असतील तर मला हीच वाट पक्की वाटते. आमच्या आठही जिल्ह्यांतल्या आमदारांनी आधी हे आकडे काढावेत, मग त्यांवरच तारांकित प्रश्न लावावा.