बेलग्रेड की झाग्रेब? युनियनच्या आत राहायचं की दाराबाहेर

बाल्कनमध्ये नोकरी घेऊन येणारे आपले आयटीवाले आता अधूनमधून भेटायला लागलेत आणि त्यांच्यासमोर बऱ्याचदा हेच दोन पर्याय असतात, सर्बियातलं बेलग्रेड नाहीतर क्रोएशियातलं झाग्रेब. मी दोन्हीकडे काम केलंय, आधी बेलग्रेडला आणि आता झाग्रेबला आहे. पगार, टॅक्स, भाडं हे तुम्ही स्वतः मांडून बघालच, त्यात मी शिरत नाही. मला बोलायचंय ते यावर की एक देश युरोपियन युनियनमध्ये आहे आणि दुसरा कित्येक वर्षं नुसता उमेदवार आहे, याने आपल्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्याच्या जगण्यात नक्की काय फरक पडतो.

आधी बेलग्रेड, कारण त्याची बाजू खरंच भक्कम आहे. शहर मोठं, रात्री उशिरापर्यंत जागं, माणसं मोकळी, शेजारी पहिल्याच आठवड्यात दार वाजवून आयवारची बाटली देऊन गेले (भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी, भाकरीबरोबर झकास लागते). १ जानेवारी २०२५ पासून बस-ट्राम सगळी फुकट आहे. नोवी सादला ताशी २०० किमीने जाणारी सोको ट्रेन आहे, शनिवारी सकाळी जाऊन संध्याकाळी आरामात परत. दिनार गेली कित्येक वर्षं युरोला ११७ च्या आसपासच आहे त्यामुळे चलनाची धास्ती नाही. कागदपत्रंही सोपी झालीत, २०२४ पासून राहण्याचं आणि कामाचं परमिट एकत्रच मिळतं, आणि सलग तीन वर्षं राहिलात तर पर्मनंट रेसिडेन्ससाठी अर्ज करता येतो. २०२२ नंतर रशियन लोक मोठ्या संख्येने आले तशी भाडी मात्र चढली.

झाग्रेब त्यामानाने शांत. निळ्या ट्राम, दोलात्सचा भाजीबाजार, आणि रविवारी बहुतेक दुकानं बंद, कारण २०२३ च्या कायद्याने दुकानांना वर्षातले १६ च रविवार उघडं ठेवता येतं. सुरुवातीला याचा त्रास होतो, शनिवारी दूध-भाजी भरून ठेवायची सवय लागते. जानेवारी २०२३ मध्ये क्रोएशियाचं जुनं चलन कुना जाऊन युरो आला तेव्हापासून कॉफी महागली असं इथे अजून प्रत्येक जण बोलून दाखवतो. माणसं वाईट नाहीत पण ओळख व्हायला वेळ लागतो. नुसतं शहर म्हणून विचाराल तर मी आजही बेलग्रेडच सांगेन.

मग तिथून निघालो का, तर व्हिसा. सर्बियन पासपोर्टवाल्यांना डिसेंबर २००९ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट) फिरायला व्हिसा लागत नाही, म्हणजे माझ्या टीममधले लोक शुक्रवारी ऑफिस सुटलं की गाडी काढून बुडापेस्टला नाहीतर इटलीतल्या त्रिएस्तेला जायचे, आणि त्याच टीममध्ये बसणारा मी, सर्बियाचं परमिट खिशात असूनही, व्हिसाशिवाय हद्दीच्या पलीकडे पाऊल टाकू शकत नव्हतो. दर वेळी वकिलातीत अपॉइंटमेंट शोधा, बँक स्टेटमेंट काढा, इन्शुरन्स घ्या, कंपनीचं पत्र आणा आणि पासपोर्ट तिथे ठेवून वाट बघत बसा. माझी सख्खी बहीण जर्मनीत असते. तिच्या मुलीचं बारसं होतं, मी मामा, आई-बाबा पुण्याहून तिथे पोचले आणि मी त्यांच्यापेक्षा कितीतरी जवळ असून जाऊ शकलो नाही कारण अपॉइंटमेंटची तारीख बारशानंतरची मिळाली. व्हिडिओ कॉलवर नाव ऐकलं. त्या दिवशी बायकोला म्हटलं की आता आपण बघूया दुसरीकडे.

आता उलट बाजू बघा. क्रोएशियाचं रेसिडेन्स परमिट असेल तर शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय फिरता येतं, आणि शेंगेन देशाचं परमिट असलेल्याला सर्बियाही व्हिसाशिवाय आत घेतं. म्हणजे झाग्रेबला राहून बेलग्रेडला कधीही जाता येतं, पण बेलग्रेडला राहून झाग्रेबला व्हिसाशिवाय जाता येत नाही, आणि मधे फक्त चारेकशे किलोमीटरचा हायवे आहे. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. आता जुन्या मित्रांना भेटायला मी जातो, सर्बियाच्या हद्दीवर बाट्रोव्त्सीच्या नाक्यावर सुट्टीच्या दिवसांत रांगेत वेळ जातो खरा, पण जाऊ शकतो. डाळी आणि मसाले व्हिएन्नाहून आणतो. त्या वाटेवर स्लोव्हेनियाच्या हद्दीवर ऑक्टोबर २०२३ पासून तात्पुरती तपासणी सुरू झालीये, कधी थांबवतात कधी नाही, पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड जवळ असलं की झालं.

बेलग्रेडच्या मुलाखतीत तुम्हाला कोणीतरी हमखास सांगेल की सर्बिया पुढच्या काही वर्षांत युनियनमध्ये येणारच आहे, थोडं थांबा. मलाही सांगितलं होतं. सर्बियाने २००९ मध्ये अर्ज केला, २०१२ मध्ये उमेदवार झाला, २०१४ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या, आणि वाटाघाटींच्या ३५ चॅप्टरपैकी (म्हणजे विषयांपैकी) २२ उघडले पण तात्पुरते का होईना बंद झाले ते फक्त दोन. कोसोव्होशी (सर्बियातून फुटलेला, पण सर्बिया वेगळा देश मानत नाही तो) संबंध सुरळीत करण्याची अट, रशियावरच्या निर्बंधांत सामील व्हायला नकार, न्यायालयं आणि मीडियाच्या स्वातंत्र्याचे प्रश्न, हे सगळं अडकून पडलंय. १ नोव्हेंबर २०२४ ला नोवी सादच्या स्टेशनचं छत पडून १६ लोक गेले आणि त्यानंतर विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, पण त्यांच्या लढ्याचं फळ कधी मिळेल त्यावर तुमची नोकरी बांधू नका. शेजारचा छोटा मॉन्टेनेग्रो या रांगेत केव्हाच पुढे गेलाय. आणि सगळं जमलं तरी प्रत्येक सदस्य देशाची संमती लागते. स्लोव्हेनियाने पिरान खाडीतल्या हद्दीच्या वादावरून क्रोएशियाला २००९ पर्यंत अडवून धरलं होतं, नॉर्थ मॅसेडोनियाने तर ग्रीससाठी देशाचं नाव बदललं आणि नंतर बल्गेरियाने अडवलं.

अजून एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. युनियनमध्ये येणं म्हणजे शेंगेनमध्ये येणं नव्हे. क्रोएशिया १ जुलै २०१३ ला सदस्य झाला पण शेंगेनमध्ये आला २०२३ मध्ये. रोमानिया आणि बल्गेरिया २००७ चे सदस्य, जमिनीवरच्या हद्दी उघडायला १ जानेवारी २०२५ उजाडला. म्हणजे सर्बिया उद्या आत गेला तरी तुमच्या घरचं बारसं तुम्हाला व्हिडिओवरच बघावं लागेल असं मला वाटतं.

क्रोएशियाला माणसांची गरजही आहे. सदस्य झाल्यावर तरुण जर्मनी-आयर्लंडला गेले, २०११ च्या जनगणनेत ४२.८ लाख लोक होते ते २०२१ मध्ये ३८.७ लाख झाले. त्यामुळे आज इथे नेपाळी, फिलिपिनो, भारतीय कामगार जागोजागी दिसतात. सगळ्यांचं स्वागत सारखं होतं असं मी म्हणणार नाही, डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना बरंच सोसावं लागतं.

ज्यांना दोन-तीन वर्षं काम करून परत भारतात जायचंय, जवळचं कोणी शेंगेनमध्ये नाही, आणि बेलग्रेडची ऑफर चांगलीच वरची आहे, त्यांनी बेलग्रेड घ्यावं, मजेत राहाल. बाकीच्यांनी माझ्या मते झाग्रेबकडे बघावं, पण सही करायच्या आधी एचआरला विचारा की साधं वर्क परमिट देताय की ईयू ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचं युनियनचं परमिट). साध्या परमिटवर बाकीच्या देशांत फिरता येतं, काम करता येत नाही. ब्लू कार्डवर १२ महिन्यांनी दुसऱ्या सदस्य देशात नोकरी घेऊन तिथे नवीन अर्ज करता येतो (डेन्मार्क आणि आयर्लंड सोडून), आणि दीर्घकालीन रेसिडेन्सला लागणारी पाच वर्षं वेगवेगळ्या देशांतली जोडून धरता येतात. क्रोएशियातच कायमचं राहायचं असेल तर भाषेची परीक्षा आहे, ती पहिल्या वर्षापासूनच शिकायला घ्या.