चार्टरचे सात महिने आणि 28 नंबरची पट्टी

नवऱ्यासाठी मशीनवर विणलेला स्वेटर छातीत चार सेंटिमीटर मोठा झाला, म्हणून हे लिहायला बसले आहे. तो म्हणतो, बरंय की, आत अजून एक शर्ट मावतो. त्याचं काय जातं! पाचशे ग्रॅम फोर-प्लाय, म्हणजे बारीक लोकर मी आणली होती.

विणायचं मशीन नेहमीचंच, जपानी, स्टँडर्ड गेज (सुयांमधलं नेहमीचं अंतर), 200 सुया, नक्षीसाठी पंचकार्ड. त्यावर नवीन काही सांगण्यासारखं नाही. स्पंज बार (सुया जागेवर धरणारा स्पंजचा दांडा) बदलला की म्हातारं मशीनही पळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चार्टर, म्हणजे शीटवर काढलेल्या आकारावरून प्रत्येक ओळीला किती टाके हवेत ते दाखवणारं, मशीनला लावायचं यंत्र, मी मागाहून घेतला. ब्रदरवाले त्याला निटलीडर म्हणत, सिल्व्हर रीडवाले निटरडार. माझा पूर्ण मापाचा आहे, म्हणजे अर्धी पाठ शीटवर खऱ्या आकारात काढायची. डायलवर ओळींचा आकडा लावला, टाक्यांची पट्टी (दहा सेंटिमीटरला जितके टाके, त्या नंबरची) खोचली की झालं. कॅरेज, म्हणजे सुयांवरून सरकून विणणारा भाग, इकडून तिकडे गेली की शीट एक ओळ सरकते. आपली रेघ पट्टीवर ज्या आकड्यावर येईल तेवढ्या सुया मधल्या शून्यापासून दोन्हीकडे कामात ठेवायच्या. आकडा एकाने उतरला की दोन्हीकडे एकेक टाका घटवायचा. "दर चौथ्या ओळीला एक, असं नऊ वेळा" हे वहीत लिहून खुणा करत बसणं बंद.

इथे लीड्समध्ये अशा वस्तू लोकांच्या माळ्यावरून निघतात. 35 पौंडांना मिळाला. रुपयांत गुणाकार करायची खोड अजून गेलेली नाही, त्यामुळे मी चार दिवस विचार केला आणि मग घेतला. शीटवर आधीच्या मालकिणीने बॉलपेनने काढलेलं एक छोटं कार्डिगन होतं, ते पुसलं जात नाही. माझ्या प्रत्येक रेघेखाली ते दिसतं. चालतं.

पहिलं जॅकेट लेकीचं केलं, जरा जाड लोकर, 25 ची पट्टी. इतकं नेटकं बसलं की मी दोन मैत्रिणींना चार्टर घ्यायला लावला. मग फोर-प्लाय हातात घेतली. टेन्शन (टाक्याचा घट्ट-सैलपणा) 7 वर ठेवलं, स्वॉच म्हणजे मापाचा तुकडा विणला, धुऊन रात्रभर पडू दिला. 40 टाके भरले 14.3 सेंटिमीटर आणि 60 ओळी 15 सेंटिमीटर. म्हणजे दहा सेंटिमीटरला 28 टाके आणि 40 ओळी. पट्ट्यांचा डबा उघडला. 26, 27, 29, 30. नेमकी 28 नाही!

विकणाऱ्या बाईंनी "सगळं पूर्ण आहे" असं लिहिलं होतं. विचारलं तर उत्तर आलं, माझ्याकडे होतं तेवढं सगळं दिलं. यावर काय बोलणार? मला वाटतं, आधीच्या मालकिणीनेही जन्मभर फोर-प्लायच विणली असणार आणि तिची लाडकी पट्टी मशीनवरच खोचलेली राहून मशीनबरोबर दुसऱ्या कुणाकडे गेली असणार. ब्रदरने विणायची घरगुती मशीन कधीच बंद केली, आता सुटे भाग म्हणजे कोणाच्या तरी माळ्यावरचे. सुटी पट्टी शोधली तर 18 पौंड, वर टपाल वेगळं. पस्तिसाच्या यंत्राला अठराची पट्टी? नाही म्हणजे नाही. टेन्शन थोडं सैल करून 27 गाठायचा प्रयत्न केला, तर कापडाची मच्छरदाणी झाली.

मग डोकं चालवलं. पट्टी म्हणजे असतं काय, टाक्याच्या रुंदीवर मारलेल्या खुणाच ना! दहा सेंटिमीटरला 28 तर एक टाका 3.57 मिलिमीटर. कॉम्प्युटरवर खुणा आखल्या, दर दहाव्याला आकडा घातला, ए-फोर आडवा धरून छापलं, पुठ्ठ्यावर चिकटवलं. स्वतःवर खूश झाले. पाठ विणली, पुढचा भाग विणला, बाह्या लावल्या आणि तो वर सांगितलेला तंबू तयार झाला.

आठवडाभर मी चार्टरलाच शिव्या दिल्या. त्यात त्याच वेळी दुसरं दुखणं निघालं. ओळी मोजणारा रो-काउंटर 112 दाखवत होता आणि शीट जेमतेम 26 सेंटिमीटर सरकली होती. 112 ओळींना 28 व्हायला हवी. आठ ओळी खाल्ल्या होत्या. एका दुरुस्तीवाल्याला फोन केला, तो म्हणाला आतलं ग्रीस वाळलं असेल, 65 पौंड. मी फोन ठेवला आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्या घेऊन बसले. ग्रीस खरंच मधासारखं घट्ट झालेलं होतं. ते काढलं, शिलाई मशीनचं तेल दोन थेंब घातलं, तरी ओळी गळतच होत्या. शेवटी कारण निघालं ते असं की चार्टरचा उजव्या बाजूचा आधार पूर्ण आत बसलाच नव्हता. त्यामुळे कॅरेजचं बोट खटक्याला नुसतं चाटून जात होतं. अंगठ्याने दाबलं, कट् असा आवाज आला, काम झालं.

तेव्हा जरा शरमले आणि पट्टीकडेही नव्याने पाहिलं. स्टीलची फूटपट्टी लावली. 70 ची खूण 25 सेंटिमीटरवर हवी, ती होती 24 वर. प्रिंटरने "पानावर बसवा" या खुणेखाली सगळं 96 टक्के करून छापलं होतं! म्हणजे 25 सेंटिमीटरच्या रेघेवर 70 ऐवजी 73 आकडा येत होता. एका बाजूला तीन, पाठीला सहा, पुढे सहा. बारा टाके, चार सेंटिमीटर. यंत्राने जे वाचलं तेच इमानाने विणवून घेतलं होतं.

तेव्हापासून तीच पट्टी शंभर टक्क्यांवर छापून वापरते आहे आणि माझं मत पुन्हा फिरलं आहे. काखेचा आकार, बाहीचा गोल माथा, यात चार्टरला तोड नाही. मात्र रेघ काखेत एकदम आत वळते तिथे आकडा सहाने पडतो. ते टाके कॅरेज ज्या बाजूला आहे तिथेच बंद करता येतात, दुसरी बाजू पुढच्या ओळीला. खांद्याच्या उतारावर तर टाके बंद न करता सुया होल्डवर, म्हणजे न विणता थांबवून ठेवाव्या. हे शीट सांगत नाही. आणि गळ्यापाशी पुढचा भाग दुभंगला की एक खांदा झाल्यावर शीट मागे फिरवून दुभंगल्या ओळीवर आणावी लागते. मी अंदाजाने आणली, चार ओळी चुकल्या, एक खांदा सेंटिमीटरभर खाली. आता तिथे लाल पेन्सिलीची आडवी रेघ मारते.

आईला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. ती म्हणाली, "अगं, काखेला चार बोटं, गळ्याला वीत, त्याला एवढा खटाटोप?" तिने हातावर विणलेला स्वेटर माझ्या अंगावर होता आणि तो बरोबर बसलेला होता, म्हणून मी गप्प बसले.

गेल्या आठवड्यात 28 ची अस्सल पट्टी पुन्हा विकायला दिसली. 18 पौंडच. गरज नाही म्हणत दोन दिवस नुसती बघत बसले, तेवढ्यात कोणीतरी घेतली.