ऑल-सीटर की लायसन्सवालं स्टँडिंग?

१९८९ ला हिल्सबरो या इंग्लंडमधल्या फुटबॉल स्टेडियममध्ये चेंगराचेंगरीत ९७ माणसं गेली, मग त्याच्या चौकशीचा टेलर रिपोर्ट आला आणि १९९४ पासून इंग्लंडच्या फुटबॉलच्या वरच्या २ डिव्हिजनमध्ये ऑल-सीटर (म्हणजे स्टेडियममध्ये सगळ्या जागा खुर्च्यांच्याच) सक्तीचं झालं. फायदा सरळ आहे, प्रत्येकाला आपली खुर्ची, त्यामुळे आत किती लोक आहेत ते नक्की कळतं आणि टेरेसवरची (खुर्च्या नसलेल्या, उभं राहायच्या पायऱ्यांवरची) ती जीवघेणी चेंगराचेंगरी टळते. पण लोक बसतात कुठे? गोल झाला की सगळे उभे, गोल-पोस्टमागचे तर अख्खी मॅच उभे, आणि पुढची खुर्ची जेमतेम गुडघ्याएवढी, म्हणजे तोल गेला की माणूस थेट पुढच्या रांगेत, एकावर एक.

लायसन्सवाल्या स्टँडिंगमध्ये खुर्ची असतेच, फक्त रांगेरांगेत कमरेएवढा रेल (धरायचा कठडा) असतो. एका खुर्चीमागे एकच माणूस, म्हणजे जुनं टेरेस नव्हेच ते (हे लोकांना सांगून थकलो बाबा). जानेवारी २०२२ मध्ये चेल्सी, टॉटनहॅम, कार्डिफ आणि मँचेस्टरचे दोन्ही क्लब अशा ५ ठिकाणी ट्रायल झाली, मग पुढच्या सीझनपासून अटी पाळणाऱ्या इतरांनाही परवानगी. लायसन्स स्पोर्ट्स ग्राउंड्स सेफ्टी अथॉरिटी ही स्टेडियमच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था देते, सेफ्टी सर्टिफिकेट मात्र लोकल कौन्सिलचं.

मला विचाराल तर रेलवालंच, लोक उभे राहणारच असतील तर धरायला काहीतरी द्या ना. मुलंबाळं, म्हातारी माणसं असतील तर मात्र नेहमीच्या खुर्च्यांचा स्टँड बघा.