व्हॅलेरियन : डोळे भरून पाहायचा पिक्चर

राजेहो, आधीच सांगतो, मला हा पिक्चर लय म्हणजे लयच आवडला आणि ज्यांना आवडला नाही त्यांच्याशी मी भांडायला तयार आहे. पूर्ण नाव 'व्हॅलेरियन अँड द सिटी ऑफ अ थाउजंड प्लॅनेट्स', 2017 चा, डायरेक्टर लुक बेसाँ. तेव्हा सगळीकडे 'स्टोरी कमजोर आहे' हेच चालू होतं आणि त्या नादात लोकांनी पाहायचाच सोडला. खर्च साधारण 19.7 कोटी युरो, युरोपात तोवर एवढा महागडा पिक्चर कोणी बनवला नव्हता, आणि जगभरातून कमाई झाली सुमारे 22.5 कोटी डॉलर, म्हणजे जाहिरात न् थेटरवाल्यांचा वाटा काढला की तोटाच. मला याचं खरंच वाईट वाटते. कारण या माणसाने पैसा जिथे ओतला तो पडद्यावर दिसून राहतो, एकेका कोपऱ्यात दिसून राहतो.

सुरुवातच पाहा. 1975 चं अपोलो-सोयुझ, अमेरिकेचे न् रशियाचे अंतराळवीर वर जाऊन एकमेकांचा हात हातात घेतात, ते खरोखर झालेलं आहे. तिथून पिक्चर पुढे सरकतो, स्टेशन वाढत जाते, नवनव्या देशांची यानं येऊन जोडली जातात, दरवेळी दार उघडते आणि कॅप्टन पुढे होऊन हात मिळवतो. मग एके दिवशी दारातून माणूस नाही, दुसरंच काही येते. त्याच्याशीही हात मिळवणं. मग त्याच्याहून वेगळा, त्याच्याहून वेगळा, कोणाचा हात ओला, कोणाचा लोखंडी, आणि कॅप्टन दरवेळी तेवढ्याच अदबीने हात पुढे करतो. मागे डेव्हिड बोवीचं 1969 चं गाणं, डायलॉग जवळपास नाहीतच. शेवटी स्टेशन एवढं जड होते की पृथ्वीजवळ ठेवणं धोक्याचं, म्हणून त्याला लांब अवकाशात सोडून देतात, तेच पुढे अल्फा, हजार ग्रहांचं शहर. एवढा मोठा इतिहास दोन-चार मिनिटांत, कोणी भाषण देऊन समजावत बसत नाही (एक छोटं आहे, पण ते चालते). मी तो भाग थांबवून पुन्हा पाहिला.

त्यानंतर म्यूल नावाचा ग्रह येते. समुद्रकिनारा, मोठेमोठे शंख हीच घरं, उंच सडपातळ माणसं, कातडी मोत्यासारखी चमकणारी. यांचं जगणं मोत्यांवर आहे, त्या मोत्यांत ताकद असते. त्यांच्याकडे एक इवलासा प्राणी असतो, त्याला एक मोती खाऊ घातला की तो त्याचे ढीगभर मोती करून देतो, आणि हे लोक ते सगळे मोती जमिनीत परत टाकतात. घेतलं तेवढं द्यायचं, वरून जास्तच द्यायचं. आम्ही शेतीवाली माणसं, मला ते पाहून आतून बरं वाटलं. या भागात त्यांच्या भाषेचे सबटायटलही नाहीत आणि एक शब्द न कळता सगळं कळते, दिग्दर्शकाला चित्रावर किती भरोसा आहे ते इथे समजते.

आणि मग बिग मार्केट. भाऊ, हा सीन! रखरखीत वाळवंट, टुरिस्ट बसमधून उतरतात, समोर काहीच नाही, नुसती वाळू. डोळ्यांवर गॉगल, हातात ग्लोव्ह्ज चढवले की तिथेच, त्याच जागी, वेगळ्या डायमेंशनमध्ये प्रचंड बाजार भरलेला दिसते, खाली खोलवर मजले, हजारो दुकानं, गल्ल्या, गर्दी. आमच्या दारव्ह्याच्या आठवडी बाजारात दिवाळीच्या आधी जी चेंगराचेंगरी असते ना, ती शंभर मजली करा, तसं. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र माणसं रिकाम्या वाळूत हातवारे करून राहिलेली दिसतात. विकत घेतलेली वस्तू आपल्या डायमेंशनमध्ये आणायची तर ती मशीनमधून काढून घ्यावी लागते. आता व्हॅलेरियन, म्हणजे पिक्चरचा हिरो, काय करते, एका डब्यात हात घालून फक्त हात आणि बंदूक बाजारात पाठवते, बाकी अंग वाळवंटात! मग डबा बिघडतो, हात तिकडेच अडकून पडते, मागे मारेकरी लागलेले, आणि त्याची साथीदार लॉरेलिन वाळवंटातून त्याला सोडवायला धावून राहिली. एकाच वेळी दोन दुनियांत पाठलाग चालू आहे आणि आपण एकदाही गोंधळत नाही, कोण कुठे आहे ते बरोबर कळते. अशी कल्पना सुचणं वेगळं आणि ती गोंधळ न होऊ देता पडद्यावर उतरवणं वेगळं, बेसाँने दोन्ही केलं.

यात इफेक्टचे 2,734 शॉट आहेत, याच डायरेक्टरच्या 1997 च्या 'फिफ्थ एलिमेंट'मध्ये 188 होते. वेटा डिजिटल, आयएलएम आणि रोडिओ एफएक्स अशा तीन मोठ्या कंपन्यांनी मिळून काम केलं. पण नुसत्या आकड्याने काही होत नसते, इफेक्टचा ढीग असलेले किती पिक्चर आपण पाहून विसरलो. इथे फरक हा की प्रत्येक गोष्टीमागे कोणीतरी बसून विचार केलेला दिसते, की हा प्राणी खातो काय, राहतो कुठे, याचा धंदा काय. मूळ कॉमिकचं हे पुण्य आहे. पिएर क्रिस्तँ लेखक न् जाँ-क्लोद मेझिएर चित्रकार, दोघांनी 1967 मध्ये 'पिलोत' नावाच्या फ्रेंच मासिकात हे सुरू केलं, आणि बेसाँने ते लहानपणी वाचलेलं. पिक्चर मुख्यतः 1975 च्या भागावर आहे. लहानपणचं प्रेम मोठेपणी एवढ्या पैशात उतरवायला मिळालं तर माणूस जीव ओततो, इथे ते दिसते.

मी हा आमच्या गावात अंगणात पाहिला. मॅच दाखवायला मंडपवाल्याकडे प्रोजेक्टर असते तो आणला, मोठा पांढरा पडदा बांधला, कापूस वेचणी संपत आलेली म्हणून सगळे मोकळे होते, घरचे, शेजारचे, पोरं, म्हातारे असे सगळेच बसले. अर्ध्यांना इंग्रजी येत नाही. तरी कोणी उठलं नाही. ते तिघं खबरी आहेत ना, डोगान डागुई, चोचीसारखं तोंड, एकच वाक्य तिघं मिळून वाटून बोलतात, ते आले की पोरं खदखदून हसत, भाचा माझ्या मागेच लागला, "मामा, ते तिघं पुन्हा लावा ना." व्हॅलेरियन भिंती फोडत अल्फाच्या एका भागातून दुसऱ्या भागात सरळ पळत जाते, कुठे पाणी, कुठे यंत्रं, तेव्हा अख्खं अंगण ओरडलं.

पुढे शेवट उघडा होईल, पाहायचा असेल तर हा परिच्छेद सोडा. म्यूल ग्रह मोडते तो कोणी त्यांच्यावर हल्ला केला म्हणून नाही. वर आकाशात दुसऱ्यांचीच लढाई चालू असते, आणि माणसांचा कमांडर, क्लाइव्ह ओवेनने केलेला, खाली वस्ती आहे हे माहीत असून अस्त्र सोडायला लावते, आणि नंतर सगळं दाबून टाकते. जे थोडे वाचले ते वर्षानुवर्षं भटकत, शिकत, स्वतःचं यान बांधून राहिले आहेत, आणि त्या यानात त्यांनी आपला गेलेला समुद्रकिनारा पुन्हा उभा केला. हे चालू असताना आमची आत्या एकदम बोलली, "कोणी इचारलं होतं का त्यायले?" तिचं सासरचं गाव धरणात गेलं, नवीन गावठाणात राहते, तिथे तिने जुन्या अंगणासारखंच तुळशीवृंदावन बांधून घेतलं. तिला इंग्रजी एक अक्षर येत नाही. स्टोरी कमजोर म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचं आहे, स्टोरी व्हॅलेरियनची नाहीच, त्या मोत्यांच्या लोकांची आहे, आणि ती शब्दांत कमी न् रंगांत जास्त सांगितली. सुरुवातीला तो किनारा एवढा सुंदर दाखवला नसता तर शेवटी छातीत काही हललं नसतं. म्हणून ती भव्यता फुकटची नाही.

कमी काय ते पण सांगतो. डेन डिहान आणि कारा डेलेव्हिन यांच्यातलं प्रेम जमत नाही, तो सारखा लग्नाचं विचारते आणि ते ऐकून कंटाळा येते, तो मेजर वाटायला फार कोवळा आहे. कारा मात्र मला आवडली, तिच्या लॉरेलिनला राग येते तो खरा वाटते. मध्ये एक भाग येते जिथे तिला फुलपाखराच्या गळाने मासोळीसारखं ओढून नेतात आणि राजाच्या ताटातलं पक्वान्न तिचाच मेंदू असते, कथेच्या दृष्टीने तो फेरा काढला तरी काही बिघडत नाही, पण मला काढू देऊ नका, एवढा भन्नाट आहे. रिहानाचा रूप बदलणारा नाचही तसाच, आणि तिचं बबल नावाचं पात्र थोड्याच वेळात जीव लावून जाते. शेवटी कमांडरच्या तोंडी लांबलचक खुलासा आहे तो मात्र खरंच आखडता घ्यायला पाहिजे होता, आपल्याला आधीच कळलेलं असते. अलेक्झांद्र देप्लाचं संगीत चांगलं, म्यूलच्या भागात तर फार चांगलं.

मोबाईलवर पाहू नका हो, एवढी विनंती. टीव्ही मोठा असेल तर लाईट बंद करून पाहा, प्रोजेक्टर मिळाला तर सोनं, पण अंगणातला बल्ब आणि शेजारच्या घराचा उजेड बंद करा, अंधारातले सीन पुष्कळ आहेत, नाहीतर अर्धं दिसत नाही. 137 मिनिटं आहे, जेवणं आटोपून बसा. लेकरांना चालते, रिहानाच्या नाचाच्या वेळी आमच्याकडे म्हाताऱ्यांनी थोडी चुळबुळ केली, तेवढंच. आता मी मूळ कॉमिकचे इंग्रजी भाग शोधून राहिलो, सिनेबुक नावाच्या प्रकाशनाने काढलेत. नागपूर-अमरावतीकडे कोणाजवळ जुने असतील तर सांगा, वाचून परत देईन, कव्हर घालून.